मेट्रोपोलिसचा धनी

हमरस्त्याकडेचं एक साधं हॉटेल. मेट्रोपोलिस शहर तिथून नऊशे मैल लांब. एक आलिशान गाडी थांबते, उंची कपड्यांतला एक माणूस आत येऊन बसतो आणि गिऱ्हाइकांना वाढणाऱ्या बाईला शांतपणे सांगतो : सगळं सोडून महिनाभर माझ्याबरोबर राहायला चल, दहा लाख डॉलर देतो. विचार करायला मोजकी मिनिटं देऊन तो बाहेर गाडीत जाऊन बसतो. बाईला नवरा आहे, संसार आहे. तिच्या जिवाची घालमेल सुरू होते. आणि ती काय म्हणते हे ऐकायला न थांबताच तो निघून जातो. ती त्याला हवीच नव्हती. 'मी हो म्हणाले असते का?' हा प्रश्न ती आता मरेपर्यंत उराशी घेऊन जगेल, एवढंच त्याला हवं होतं.

तो माणूस लेक्स लूथर, सुपरमॅनच्या चित्रकथांतला अब्जाधीश खलनायक. मेट्रोपोलिस हे त्या दोघांचं शहर. जॉन बर्न यांनी लिहिलेली नि चितारलेली ही छोटी गोष्ट १९८७ साली 'सुपरमॅन'च्या नवव्या अंकात छापली गेली. सुपरमॅन तिच्यात कुठेच येत नाही. यायचं तरी कशासाठी? थांबवण्यासारखं काही घडतच नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोष्ट वाचून तो म्हणाला, "मामा, पण यात गुन्हा काय केला त्याने? ऑफर दिली. नको असेल तर नाही म्हणायचं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू? मला लूथरच पटतो. तो स्वतःच्या डोक्यावर वर आला. सुपरमॅनला सगळं आयतं मिळालंय."

हे त्याचं एकट्याचं मत असतं तर हा लेख लिहायला बसलो नसतो. लूथर हा गैरसमज झालेला कर्तबगार माणूस आहे, परग्रहावरून आलेल्या एका बलदंडापुढे मानवजातीची बाजू मांडणारा आहे, असं मानणारी तरुण मुलं मला सारखी भेटतात. हुशार मुलं आहेत ती. त्यांच्या बोलण्यातला एक भाग खराही आहे, त्याच्याकडे मी नंतर येईन. पण एवढी हुशार मुलं अब्जाधीशाची बाजू इतक्या सहजपणे का घेतात, याची मला मनापासून काळजी वाटते. कारण ही मुलं उद्या ज्या शहरांत राहतील, तिथे नोकरी, वर्तमानपत्र, दवाखाना आणि निवडणूक या सगळ्यांवर एकाच माणसाचा हात असावा का, हा प्रश्न त्यांच्यापुढे येणारच आहे. तेव्हा ती कोणाच्या बाजूने उभी राहतील?

सुपरमॅन जन्मला तेव्हा त्याचे शत्रू कोण होते, ते आधी बघू. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८ चा. लिहिणारा जेरी सीगल, चित्रं काढणारा जो शूस्टर, दोघंही क्लीव्हलँडमधली, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली, तेविशीतली पोरं. महामंदीचे दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. पहिल्या अंकात सुपरमॅन ज्याला धरतो तो वॉशिंग्टनमध्ये सिनेटरला फितवणारा दलाल आहे. दुसऱ्या अंकात धरतो तो दारूगोळ्याचा कारखानदार. एका छोट्या देशातल्या युद्धावर त्याची तुंबडी भरत असते. सुपरमॅन त्याला सैन्यात भरती व्हायला लावतो, आणि आपल्याच मालाचे स्फोट आजूबाजूला व्हायला लागल्यावर त्याचे डोळे उघडतात.

तिसऱ्या अंकावर मात्र मला जरा रेंगाळायचं आहे. एका खाणीत छत कोसळून एक स्थलांतरित कामगार जायबंदी होतो. सुपरमॅन साध्या माणसाच्या रूपात, म्हणजे क्लार्क केंट हा बातमीदार होऊन त्याला भेटतो, मग खाणमालक ब्लेकलीकडे जातो. ब्लेकली म्हणतो, कामगाराचाच हलगर्जीपणा. सुरक्षेवर खर्च करायची त्याची तयारी नाही. रात्री त्याच्या बंगल्यावर मेजवानी चाललेली असते. सुपरमॅन खाणकामगाराच्या वेशात तिथे पोचतो, आणि गंमत म्हणून खाणीत उतरलेली ही उंची कपड्यांतली मंडळी आत असताना छत खाली आणतो. आता ब्लेकली धोक्याची घंटा दाबायला धावतो. घंटा बंद पडलेली. ती दुरुस्त करायला त्यानेच कधी पैसे दिलेले नसतात. रेशमी कपड्यांतली माणसं कुदळी-फावडी घेऊन दगड उपसू लागतात नि थोड्याच वेळात थकून बसतात.

या गोष्टीत निळा-लाल पोशाख जवळपास दिसतच नाही. बातमीदार आधी प्रश्न विचारतो, उत्तर मिळत नाही म्हणून पुढचं घडतं. आणि खलनायकाने कायद्याच्या दृष्टीने फारसं काही केलेलं नसतं. त्याने फक्त पैसे वाचवलेले असतात.

पहिल्या तीन अंकांचे खलनायक दलाल, शस्त्रांचा कारखानदार आणि खाणमालक. म्हणजे तिघंही त्या काळातली प्रतिष्ठित माणसं. पुढे हे मागे पडत गेलं. युद्ध आलं, सुपरमॅनचा खप वाढला, तो रेडिओवर गेला, मालवस्तूंवर झळकला. इतक्या मोठ्या धंद्याच्या नायकाने कारखानदारांशी भांडणं परवडणारं नव्हतं. एप्रिल १९४० मध्ये, तेविसाव्या अंकात लूथर पहिल्यांदा आला तो वेडा शास्त्रज्ञ म्हणून. डोक्यावर चांगले लाल केस होते त्याच्या, आणि दोन देशांत युद्ध पेटवायचा त्याचा डाव होता. पुढे टक्कल पडलं, १९६० साली त्या टकलाची गोष्टही आली : तरुण लूथरच्या प्रयोगशाळेला आग लागते, सुपरबॉय, म्हणजे पोरवयातला सुपरमॅन, फुंकर मारून ती विझवतो, त्या गडबडीत लूथरचे केस जातात नि तो जन्माचा वैरी होतो. लहानपणी मला ती गोष्ट आवडायची. पण तेव्हाचा लूथर वाचकाला काहीच त्रास देत नाही. तो यंत्र बनवतो, सुपरमॅन ते मोडतो, लूथर तुरुंगात जातो. वाईट माणूस तुरुंगाच्या कपड्यांत असला की वाचक निर्धास्त झोपतो.

१९८६ साली ही सोय संपली. सुपरमॅनची कथा नव्याने सुरू करायचं ठरलं तेव्हा लूथर हा उद्योगपती असावा ही कल्पना मार्व्ह वुल्फमन यांनी मांडली, आणि बर्न यांनी 'मॅन ऑफ स्टील' या सहा अंकी मालिकेत तो उभा केला. लेक्सकॉर्प या बलाढ्य कंपनीचा मालक, शहरातला सगळ्यात मोठा पोशिंदा, दानशूर म्हणून नावाजलेला. अनेकांना हा बदल रुचला नव्हता. शास्त्रज्ञ लूथरची शान गेली, असं म्हणणारे आजही आहेत. माझं मत उलटं आहे. त्या बदलाने सुपरमॅन पुन्हा १९३८ च्या खाणीच्या तोंडाशी आला. अठ्ठेचाळीस वर्षांनी ब्लेकली परतला होता, फक्त आता अख्खं शहर त्याची खाण होती.

या दोघांच्या वैराची सुरुवात कशी होते पाहा. लूथरच्या जहाजावर बड्या लोकांची मेजवानी चालू असते. बंदूकधारी हल्ला करतात. सुपरमॅन येऊन सगळ्यांना वाचवतो. लूथर धनादेश पुढे करतो नि त्याला नोकरी देऊ करतो. मग बोलता बोलता कळतं की हल्ला होणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. सुपरमॅन काम कसं करतो हे त्याला जवळून बघायचं होतं, म्हणून पाहुण्यांचे जीव टांगणीला लावून तो गप्प राहिला. पाहुण्यांत शहराचे महापौरही असतात. ते संतापतात, सुपरमॅनला तिथल्या तिथे अधिकार देतात आणि लूथरला अटक करायला सांगतात.

लूथर लवकरच सुटतो. पण चारचौघांत आपल्याला कोणी हात लावला, ही आग विझत नाही. सुपरमॅन येण्याआधी मेट्रोपोलिसमध्ये नजर वर करून बघायची ती लूथरच्या मनोऱ्याकडे. आता लोक आकाशाकडे बघायला लागले. लूथरचं दुःख एवढंच आहे. मानवजातीचं भवितव्य, परग्रहावरचा धोका, ही भाषा त्याने नंतर शोधली. ती ज्याला खरी वाटते त्याने तो धनादेश आठवावा. सुपरमॅन पगारावर आला असता तर लूथरला तो परका वाटला नसता.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मेट्रोपोलिसची सगळी व्यथा या म्हणीत आहे. लूथरचा खरा पहारा बंदूकधाऱ्यांचा नाही, मिंध्या माणसांचा आहे. ज्यांना तो पगार देतो, ज्यांच्या इस्पितळाला देणगी देतो, ज्यांच्या निवडणुकीचा खर्च उचलतो, ती माणसं त्याच्याविरुद्ध साक्ष देत नाहीत. त्यांना कोणी धमकावलेलं नसतं. ओशाळलेली असतात ती. माणूस देणगी देतो तेव्हा ती कुठे द्यायची, कधी थांबवायची, इमारतीवर कोणाचं नाव कोरायचं, हे तो ठरवतो. कर भरतो तेव्हा हे आपण सगळे मिळून ठरवतो. दानशूर माणसाबद्दल कृतज्ञता वाटणं मला चुकीचं वाटत नाही. पण गावाचा दवाखाना एका माणसाच्या मर्जीवर चालत असेल, तर ते गाव आजारी पडायलासुद्धा त्याची परवानगी मागतं.

आता भाच्याचा मुद्दा : स्वतःच्या डोक्यावर वर आला. कथेतच याचं उत्तर आहे नि ते भयंकर आहे. १९८६ नंतरच्या लूथरचं लहानपण मेट्रोपोलिसच्या सुइसाइड स्लम या झोपडवस्तीत गेलं. आईबापांचा मोठ्या रकमेचा विमा त्याने गुपचूप उतरवला आणि ती दोघं मोटार अपघातात गेली. तो अपघात त्यानेच घडवून आणला होता. त्याच्या साम्राज्याचं भांडवल ते. मी हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, लेखकाने मुद्दाम घातलंय ते. घातलंच आहे. पण ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. लूथरची बुद्धी त्याची स्वतःची, हे मान्य. त्या बुद्धीने काढलेलं प्रत्येक यंत्र ज्यांनी बनवलं, त्या हजारो हातांची नावं मनोऱ्यावर का नाहीत?

"मग बॅटमॅन?" त्याने लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. बॅटमॅन म्हणजे गोथम शहरातला अब्जाधीश ब्रूस वेन. त्याची संपत्ती ही कथेची सोय आहे. गाडी, गुहा, यंत्रं यांचा खर्च कुठून येतो हे विचारू नये म्हणून तो श्रीमंत. त्याचं चांगलं असणं त्याच्या स्वभावावर टेकलेलं आहे, आणि गोथममधल्या लोकांना तो स्वभाव बदलला तर काय, असं विचारायची सोय नाही. मला बॅटमॅन आवडतो. तरी सज्जन अब्जाधीशाची वाट बघायची सवय या कथांनी आपल्याला लावली, हे मी नाकारणार नाही.

आणि आता त्या मुलांच्या म्हणण्यातला खरा भाग. सुपरमॅनला कोणी निवडून दिलेलं नाही. त्याच्या ताकदीला कायद्याची वेसण नाही. लूथर मात्र २००० सालच्या कथानकात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येतो, रीतसर मतं घेऊन. काय करणार सुपरमॅन? व्हाइट हाउस उचलून फेकणार? तो काही करत नाही, करू शकत नाही, नि करू नये हे त्याला कळतं. वाचताना हात शिवशिवतात. पण त्या क्षणी त्याने मुठी वळल्या असत्या तर लूथर जे म्हणत आला ते खरं ठरलं असतं.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो १९८७ च्याच, 'सुपरमॅन'च्या दुसऱ्या अंकात आहे, आणि या वैरावर त्याहून नेमकं काही लिहिलं गेलेलं मला माहीत नाही. सुपरमॅन आणि क्लार्क केंट यांचा काय संबंध आहे हे शोधायला लूथर माणसं नि संगणक कामाला लावतो. त्यासाठी निरपराध माणसांचा छळ होतो. सगळी माहिती संगणकात भरली जाते. उत्तर येतं : क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे.

उत्तर बरोबर आहे. लूथरच्या हातात त्याच्या वैऱ्याचं नाव, पत्ता, नोकरी, सगळं आलेलं आहे. आणि तो ते झिडकारतो. ज्या शास्त्रज्ञ बाईने ते काढलं तिला नोकरीवरून हाकलतो. त्याचं म्हणणं असं की सुपरमॅनइतकी सत्ता ज्याच्याकडे आहे तो साधा माणूस म्हणून वावरेल, हे शक्यच नाही. सत्ता असते ती सतत वापरण्यासाठी, तिच्यातून मिळेल तेवढं ओरबाडून घेण्यासाठी. ती बाजूला ठेवून कोणी चष्मा लावेल, बसच्या रांगेत उभा राहील, संपादकाची बोलणी खाईल, हे त्याच्या बुद्धीत बसत नाही.

जगातला सगळ्यात हुशार माणूस इथे हरतो. त्याला कोणी हरवलेलं नसतं. आपल्यासारखंच सगळ्यांचं मन चालतं, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. त्या रस्त्याकडेच्या हॉटेलातही त्याने हेच गृहीत धरलं होतं.

म्हणून क्लार्क केंट हा मुखवटा आहे असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. क्लार्क ही सुपरमॅनने स्वतःला घातलेली वेसण आहे. तो वर्तमानपत्रात काम करतो, आणि लूथरला खरा त्रास तिथूनच होतो. मुठीने पाडता येईल अशी एकही भिंत लूथरने स्वतःभोवती ठेवलेली नाही. कागदपत्रं, साक्षी, हिशेब, एवढंच काय ते त्याला भिववतं. तेही छापणारा कोणी असेल तर.

लूथरला हे पक्कं कळतं. १९९९ च्या सुमाराच्या कथांत तो क्लार्कचं वर्तमानपत्र, 'डेली प्लॅनेट', विकत घेतो आणि बंद करतो. मोजकी चारेक माणसं सोडून सगळ्यांना घरी पाठवतो नि त्या जागी स्वतःच्या आवडीच्या बातम्यांचं संकेतस्थळ सुरू करतो. कायदा कुठेही मोडला जात नाही. मालकाने आपली मालमत्ता बंद केली. शेवटी लुईस लेन, तिथलीच बातमीदार आणि क्लार्कची बायको, त्याच्याशी सौदा करते. लूथर पेपर अवघ्या एका डॉलरला संपादक पेरी व्हाइटला परत विकतो. बदल्यात लुईसने त्याच्या पसंतीची कोणतीही एक बातमी, एकही प्रश्न न विचारता, दाबून टाकायची. नवऱ्यालाही ती हे सांगू शकत नाही. पेपर पुन्हा छापून येतो, माणसं कामावर येतात, कचेरीत आनंद असतो. आणि त्या कचेरीतल्या सगळ्यात निर्भीड बातमीदाराच्या पाठीवर लूथरचा हात ठेवलेला असतो.

मी पुष्कळ वर्षं पत्रकारितेच्या आसपास काढली आहेत. एका वर्तमानपत्रात असताना एका संध्याकाळी लागलेल्या पानावरून एक बातमी उचलून तिथे जाहिरात टाकलेली मी पाहिली. कोणी ओरडलं नाही. पान लावणाऱ्या मुलाने मान वर न करता तेवढ्याच मापाचा चौकोन दुसरीकडून आणून बसवला, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. त्या एका डॉलरच्या सौद्याचं पान वाचताना मला तो चौकोन आठवतो. म्हणून भाच्याला मी ठामपणे सांगितलं : ज्याचे उद्योग बातमीचा विषय आहेत त्याच्याच हाती वर्तमानपत्र असू नये, आणि असलंच तर ते कोणाचं आहे हे पहिल्या पानावर छापलेलं असावं. पैसा कमावण्याला माझा विरोध नाही. एका हाताने पगार आणि दुसऱ्या हाताने बातमी धरायला आहे.

शेवटचं सांगायचं आहे ते कथेबाहेरचं. सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ च्या मार्चमध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. धनादेश ४१२ डॉलरचा होता, त्यात इतर कामांचे पैसेही होते. पुढे त्या पोशाखाने किती कमावलं याचा हिशेब मांडवत नाही. दोघांनी हक्कांसाठी कोर्टात दाद मागितली, काम गेलं, अंकांवरून त्यांची नावंही गेली. साठी गाठेपर्यंत शूस्टरची नजर पार अधू झाली होती. सीगल कारकुनी करत होता. करार कायदेशीर होता. नको होतं तर नाही म्हणायचं होतं, असं त्यांनाही कोणी म्हणू शकलं असतं, नि मला वाटतं, पुष्कळांनी म्हटलंही असेल.

१९७५ मध्ये, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असं कळल्यावर सीगलने सगळी कैफियत लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवली. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्यामागे उभे राहिले, व्यंगचित्रकारांच्या संघटना आल्या, पेपरांनी बातमी लावून धरली, दूरचित्रवाणीवर दोघा म्हाताऱ्यांना लोकांनी पाहिलं. वर्ष संपता संपता सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीने दोघांना प्रत्येकी दरसाल २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि अंकाच्या पानावर ती ओळ परत छापली जाऊ लागली : सुपरमॅनचे निर्माते, जेरी सीगल आणि जो शूस्टर.